काकूचा ओटा आणि आठ पाहुणे: आपल्या मुळांच्या गावी छोटी सहल कशी न्यावी

आमचं घर जुन्या नाशकात, तांबट आळीत. आजोबा तांबट होते. घंगाळं, बंब, कळश्या घडवायचे. वडिलांनी नोकरी धरली, मी गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेलो, आणि वाड्यात आता मोठी काकू आणि चुलतभाऊ दादा एवढेच उरलेत. गेली काही वर्षं दर हिवाळ्यात मी आठ-आठ जणांच्या छोट्या सहली नेतो. दोन मुक्काम, अडीच दिवस. मुंबई-पुण्याचे लोक असतात, अधूनमधून परदेशातून सुट्टीवर आलेली मराठी कुटुंबंही येतात.

परत जाताना दर खेपेला कुणीतरी विचारतं, "आम्हालाही आमच्या गावी असं काही करता येईल?" येईल. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. उदाहरणं नाशिकची आहेत, पण पद्धत वाईला, पैठणला, अचलपूरलाही तीच.

एक गोष्ट मात्र आधी. तुम्ही जे दाखवणार आहात ते तुमचं नाही. वाडा काकूचा, गल्ली शेजाऱ्यांची, बाग मामाची. तुमच्याकडे आहे ती नुसती ओळख, आणि ती उसनी आणलेली आहे. शेजारून वाटीभर साखर आणली तर आपण वाटी रिकामी परत पाठवत नाही, त्यात काहीतरी घालून देतो. पुढचं सगळं त्या वाटीचं आहे.

आधी घरच्यांना विचारा, पाहुण्यांना नंतर

माझी पहिली सहल चौदा जणांची होती. दादाला फोनवर म्हटलं, "शनिवारी काही लोक घेऊन येतोय, काकूला सांग." एवढीच परवानगी. चौदा जण वाड्यात शिरले. कुणी थेट देवघरात डोकावलं, कुणी दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढले. एका बाईंनी अगदी कळवळून काकूला विचारलं, "तुम्ही इथे कशा हो राहता?" काकू काही बोलली नाही. चौदा कप चहा केला. रात्री दादाचा फोन आला, "आमच्या घराला तिकीट लावलंस का रे?" पुढचे आठ महिने मला त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायला तोंड नव्हतं.

म्हणून पहिलं काम जाहिरात नाही, वेळापत्रकही नाही. घरी जाऊन बसायचं. वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, कारण एकत्र बसलं की एकटाच बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. सुनांशी तर आवर्जून बोला. स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात असतं, आणि त्यांना कुणी विचारत नाही. शेजारच्या दोन घरांनाही सांगा. गल्ली त्यांचीही आहे.

बोलताना गोलमोल नको. कुठल्या खोल्या उघड्या, कुठल्या बंद. किती वाजता यायचं, किती वाजता उठायचं. फोटो कशाचे चालतील. पैसे कुणाच्या हातात द्यायचे (हे घरातल्या थोरल्या पुरुषाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, राबणार कोण ते बघा). वर्षातले कुठले दिवस अजिबात नकोत. आमच्या काकूने चार अटी घातल्या: देवघरात नाही, न्हाणीघराकडे नाही, तिचा फोटो नाही, आणि "मला 'आजी' म्हणून गळ्यात पडायचं नाही, मी कुणाची आजी नाही." चारही मी पाहुण्यांना गाडीतच सांगतो. चौथीवर सगळे हसतात, आणि नेमकी तीच सगळ्यांच्या लक्षात राहते.

शेवटचं म्हणजे घरच्यांना आदल्या संध्याकाळपर्यंत "नको" म्हणता आलं पाहिजे. दुखणं आहे, सुतक आहे, नातवाची परीक्षा आहे, किंवा नुसतं मन नाही. कारण विचारायचं नाही. हे जमायचं तर वाड्याशिवायची संध्याकाळही आखून ठेवावी लागते. मी आळीतल्याच एका ओळखीच्या तांबटांच्या दुकानामागचा चौक ठरवून ठेवलाय. दोनदा उपयोगी पडला.

आठच का

आठाला काही शास्त्र नाही. माझा आकडा काकूच्या माजघरातून आला: पाट मांडले की आठांची पंगत बसते, नवव्याला दारात बसावं लागतं. तुमचा आकडाही असाच तुमच्या जागेतून काढा.

पण दोन कसोट्या सगळीकडे लावता येतील. जुन्या गल्लीत थांबून तुम्ही नेहमीच्या आवाजात बोललात तर शेवटच्या माणसाला ऐकू यायला हवं. दहाच्या वर गेलात की ओरडावं लागतं, आणि ओरडणाऱ्या माणसाला गल्ली गाईड समजते, गावचा समजत नाही. दुसरी कसोटी लाकडाची. जुने वाडे सागवानी खांब-तुळयांवर उभे असतात, आणि नाशकात दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. आपल्या वाड्याची माडी बघायला एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आमच्याकडे त्याने बघून सांगितलं, माडीवर एका वेळी चार. मग चार वर, चार खाली ओट्यावर काकूबरोबर शेंगा सोलत. खालच्या चौघांना जास्त काहीतरी मिळतं असं माझं मत आहे.

वहीत तीन रकाने पाडा

मुळं असलेल्या माणसाला मोठी खोड असते. जे लहानपणी ऐकलं ते सगळं खरं वाटतं. मी एक दोनशे पानी वही केली, प्रत्येक पानावर तीन रकाने: गाव सांगतं ते, घर सांगतं ते, कागद-दगड सांगतो ते. कुठलीही गोष्ट पाहुण्यांना सांगताना ती कुठल्या रकान्यातली आहे हे बोलण्यातच यायला हवं.

नाशिकचं नावच घ्या. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, हे गाव सांगतं. नऊ टेकड्यांवर वसलेलं म्हणून नवशिख, हेही गावच सांगतं. 'नाशिक नव टेकांवर वसविले' अशी जुनी म्हणच आहे. गल्ल्यांचे चढउतार पायांना लागले की म्हण पटते. आणि दगड काय सांगतो? पांडवलेणीतल्या अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, दर्शनी भागावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. ते काम म्हणजे नासिककरांचं, धंभिक गावाचं दान, असा त्याचा अर्थ. नाव का पडलं ते दगड सांगत नाही. नाव तेव्हाही होतं आणि नासिककर वर्गणी काढत होते, एवढं सांगतो.

नारोशंकराच्या देवळाची घंटाही अशीच. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये देऊळ बांधलं. घंटा १७३९ च्या वसईच्या विजयातली, पोर्तुगीजांकडून आलेली. हे तिसऱ्या रकान्यात. पूर किती मोठा ते घंटेला पाणी लागलं का यावर ठरतं, हे पहिल्यात. आणि २००८ च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा दादा दुकानातली तांब्याची भांडी माळ्यावर चढवत होता आणि एक हंडा तरंगत निघून गेला, हे आमच्या घरचं. पाहुणे घरी जाऊन हंडाच सांगतात, १७४७ नाही. तरी १७४७ सांगायचंच. ते पक्कं असेल तरच हंड्यावर विश्वास बसतो.

आता अवघड पान. काळाराम मंदिर आमच्या आळीपासून गंगेपलीकडे, पायी जाण्याइतकं जवळ. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे काशीला नाही.) २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड नाशकातली आघाडी सांभाळत होते. दारं बंद ठेवली गेली. लढा पुढे काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे सगळं तिसऱ्या रकान्यातलं.

दुसऱ्या रकान्यात माझ्याकडे काय आहे? दहावीत असताना मी आजीला विचारलं होतं, "त्या दिवशी आपल्या घरातलं कोण कुठे होतं?" आजी तेव्हा लहान मुलगी, पण गल्लीतलीच. ती गप्प राहिली आणि तांदूळ निवडत बसली. मी पुन्हा विचारलं नाही. देवळाच्या दाराशी उभं राहून मी पाहुण्यांना ते गप्प राहणंही सांगतो. तुमच्या गावात असं एखादं दार असेलच, विहीर असेल, पाणवठा असेल. आपलं घर त्या दिवशी कुठल्या बाजूला उभं होतं हे सांगायची तयारी नसेल, तर 'मुळं' हा शब्द जाहिरातीत वापरू नका.

दिवस कुठले धरायचे

नाशकासाठी जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. निफाडकडे पारा राज्यात सगळ्यांत खाली जातो, सकाळी गंगेवर वाफ दिसते, द्राक्षं भरात असतात. मे टाळा. भर पावसात घाटावरचे कार्यक्रम ठेवू नका. वरून गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला पाणी असं मोजत आम्ही घाटावर उभे राहतो. ते दृश्य मोठं असतं, पण पाहुण्यांची जबाबदारी अंगावर असताना बघण्यासारखं नाही.

रंगपंचमीला तर मुळीच नको, असं मी म्हणतो खरा. जुन्या नाशकात तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. एरवी जमिनीखाली फळ्या-मातीने झाकलेले हे हौद वर्षातून त्या एका दिवशी उघडतात, रंगीत पाण्याने भरतात, आणि लोक वरून धडाधड उड्या मारतात. बघायला येणाऱ्याला तिथे जागा नसते. उडी मारणार असाल तर एकटे या, मी काठावर चपला सांभाळतो.

२०२६-२७ च्या सिंहस्थात, विशेषतः २०२७ च्या पर्वण्यांच्या आसपास, घाट आणि जुनं गाव वाहनांना बंद असेल हे धरून चाला. तेव्हा नाशिकचीच माणसं बाहेरगावी जातात.

आठवड्याचा वारही बघा. बुधवारी गंगेकाठी आठवडे बाजार भरतो. गाडी लावायला जागा नसते, पण बाजारच दाखवायचा असेल तर बुधवारच हवा.

अडीच दिवस कसे बसवायचे

मुंबईचे लोक तपोवन एक्स्प्रेसने सकाळी दहाच्या सुमारास नाशिकरोडला उतरतात. तिथून जुनं गाव आठ-दहा किलोमीटर. पुण्याहून थेट सोयीची रेल्वे नाही, रस्त्याने पाच तास धरा, चाकण-नारायणगावचे अडथळे वेगळे. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी चारच्या आधी काहीही ठेवू नका. जेवण, आडवं पडणं, बस्स. नवख्या यजमानाला भीती असते की लोक म्हणतील, पैसे घेतले आणि झोपवलं. म्हणत नाहीत.

चार वाजता आळीत. इथे माझा सगळ्यांत आवडता तास असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तांब्याचा पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकत ठोकत पोट काढायचं, आणि शेवटी मठारायचं, म्हणजे छोट्या हातोडीने शेजारी शेजारी एकसारखे ठोके देत जायचं. त्याने भांडं चमकतंच, शिवाय पत्रा कठीण होतो, सहज पोचत नाही. मठारलेली कळशी महाग का हे दहा मिनिटं ठोके ऐकले की सांगावं लागत नाही. पाहुण्यांच्या हातात हातोडी द्यायची तर रद्दी तुकड्यावर. एकदा एका गृहस्थांनी हौसेने तयार घंगाळावर ठोका दिला. ते घंगाळ मीच विकत घेतलं, आता त्यात तुळस आहे.

मग कल्हई. भांडं घासून भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकून कापसाने पुसतात, कथील लावून सर्रकन फिरवतात. क्षणात काळं भांडं चांदीसारखं. पांढरा धूर उठतो तो नवसागराचा, तो घशाला झोंबतो. दम्याचा त्रास असलेल्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं करा. हे आधी फोनवर विचारून ठेवायचं असतं. पाहुण्यांना घरचं एक पितळी पातेलं आणायला सांगा. स्वतःच्या भांड्याला कल्हई होताना बघणं वेगळं, आणि कल्हईवाल्यांना आठ भांड्यांचं खरं काम मिळतं. प्रात्यक्षिकाचे म्हणून पैसे दिले तर ते 'कार्यक्रम' करतात. कामाचे दिले तर काम करतात, आणि बघण्यासारखं असतं ते काम.

तिथून भांडी बाजार, सराफ बाजार, उतारावरून गंगेवर, दिवे लागेपर्यंत. हे अंतर वीस मिनिटांचं. मी दीड तास घेतो. रात्रीचं जेवण वाड्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला रामकुंड. इथे तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात: कुठल्या गावचं कुठलं घराणं कधी आलं, बरोबर कोण होतं, खाली सह्या. जुन्या नोंदी कित्येकदा मोडीत. पाहुण्यांकडून महिनाभर आधी मूळ गाव, आडनाव, आजोबा-पणजोबांची नावं मागवून घ्या, आणि ज्या उपाध्यायांकडे तो भाग आहे त्यांना आधी गाठा. ऐन वेळी गेलात तर गर्दीत वही उघडायला कुणाला सवड नसते. नोंद सापडेलच असं वचन देऊ नका. सगळ्यांचे पूर्वज तीर्थयात्रेला येऊ शकत नव्हते, येऊ दिले जात नव्हते. ज्याचं पान सापडणार नाही त्याला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होईल, म्हणून मी एकेकाला वेगळं नेतो. एका पाहुण्याला पणजोबांची सही सापडली होती. ते वहीला हात लावायलाही तयार नव्हते, नुसते बघत बसले. त्या दिवशी आम्ही पुढचे दोन कार्यक्रम गाळले.

नंतर मिसळ. कुठली, यावर नाशकात घरं फुटतात, म्हणून नाव सांगत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा मागून घ्या, पापड घ्या, आणि वर जिलेबी खा. मग काळाराम. सीतागुंफा मी गाळतो. वाकून, बसून सरकावं लागतं, रविवारी रांगेत तास जातो. त्र्यंबकेश्वरही या अडीच दिवसांत नको. देवदर्शन हवंच असेल त्यांनी आदल्या दिवशी येऊन करावं. आठ जणांना रांगेत उभं करून यजमानाने काय सांगायचं?

दुपारी दिंडोरी तालुक्यात मामाच्या बागेत. द्राक्षबागेत जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: फवारणी कधी झाली, प्लॉट निर्यातीचा आहे का, तोडणी सुरू आहे का. निर्यातीच्या मालाला औषधांच्या अंशाचे नियम कडक असतात, आणि कुणी घडाला हात लावलेला शेतकऱ्याला खपत नाही. मण्यांवरची पांढरी लव पुसली गेली की माल डागी. मामा शेवटच्या दोन ओळी आमच्यासाठी ठेवतो, तिथेच तोडून खायचं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मधली अवकाळीची धाकधूक हे सगळं मामाच्या तोंडून ऐकायचं. मी त्या वेळी गप्प बसतो. गारपिटीच्या वर्षाबद्दल त्याला विचारू नका असंही मी पाहुण्यांना सांगतो. तो स्वतःहून बोलला तर गोष्ट वेगळी. वाइनरी माझ्या सहलीत नाही. ज्यांना हवी त्यांनी खुशाल जावं, तिथे माझी गरज नसते.

तिसऱ्या दिवशी पांडवलेणी, ऊन चढायच्या आत. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेवाल्यांना आधी कल्पना द्या. लेणी चोवीस, पण मी तीनच दाखवतो. अठराव्याचा लेख वर आलाच. दहाव्यात शक क्षत्रपांच्या क्षहरात घराण्यातल्या नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं दान. आणि तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख. नातवाच्या, पुळुमावीच्या राज्यात, मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, गेल्यावर आईने त्याचं कौतुक कोरून ठेवलंय, आणि त्यात क्षहरातांचा वंश निपटून काढल्याचंही आहे. एकाच डोंगरात दोन्ही बाजू. माझ्या वहीत हा लेख अर्थातच तिसऱ्या रकान्यात होता. मग एका पाहुणीने विचारलं, "हे आई सांगतेय ना? मग दुसऱ्या रकान्यात नको?" तेव्हापासून तो दोन्हीकडे लिहिलाय.

अकराला खाली. निरोप.

पैशांचं गणित

लाजून कमी पैसे लावणं हा आपल्याकडचा मोठा रोग. त्याचा भुर्दंड शेवटी काकूला बसतो. हिशेब असा मांडा. न बदलणारा खर्च वेगळा, माणशी खर्च वेगळा. नमुन्यादाखल: गाडी १४,०००, वाड्याचा मान ८,०००, कारागीर ४,०००, मामाची बाग ४,०००, तुमचा मेहनताना १५,०००, फोन-औषधं-अडीअडचण ३,०००. एकूण ४८,०००. याला आठाने भागू नका, सहाने भागा, कारण दोघं हमखास गळतात. माणशी ८,०००. त्यात मुक्काम आणि जेवणखाण समजा ५,५००. झाले १३,५००. आठही आले तर १६,००० वरचे उरतात. आमच्याकडे त्यातले निम्मे वाड्याच्या पत्र्याच्या डब्यात जातात. गेल्या पावसाळ्याआधी त्यातून मागच्या पडवीची कौलं झाली.

मेहनताना हिशेबात लिहा, उरलं तर घेऊ असं म्हणू नका. उरत नाही. आणि दुकानदारांकडून कमिशन घेऊ नका. एकदा घेतलं की तुम्ही कुठल्या दुकानाशी थांबता याकडे गल्ली बघायला लागते.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात आटपतो, पण टाळू नका. गाडी पिवळ्या पाटीची, प्रवासी परमिटची घ्या. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन वापरली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याआधीच सीएशी एकदा बोला. घरात पाहुणे मुक्कामाला ठेवणार असाल तर पर्यटन खात्याची निवास व न्याहरी योजना बघा. पैसे घेऊन घरचं जेवण देताय तर अन्नसुरक्षा नोंदणी करा, ती ऑनलाइन होते. परदेशी नागरिक मुक्कामाला असेल तर त्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. नातेवाईक असला तरी. आणि प्रत्येकाचा रक्तगट, औषधं, घरच्यांचा नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी लेण्यांवरच संपते.

कुणाला घ्यायचं

पैसे घेण्याआधी प्रत्येकाशी पंधरा मिनिटं फोनवर बोला. मी एक प्रश्न हमखास विचारतो: "तुमच्या आजोळचं घर आता कुणाकडे आहे?" पुढची दहा मिनिटं तेच बोलतात, आणि माणूस कसा आहे ते कळतं. "किती स्पॉट कव्हर होतील?" असं आधी विचारणाऱ्याला मी नम्रपणे मोठ्या बसच्या सहलीचं नाव सुचवतो. वाईट माणूस नसतो तो. माझ्याकडे त्याला पैसे फुकट गेल्यासारखं वाटेल, एवढंच.

आठही एकाच कंपूतले घेऊ नका. सहा मित्र आणि दोन परके असं असलं की ते दोघं अडीच दिवस एकटे पडतात. तीन जोड्या आणि दोन एकटे, हे माझ्या अनुभवात चांगलं जमतं.

पाहुणे गेल्यावर

गाडी स्टेशनला सोडली की काम संपलं असं वाटतं. त्याच संध्याकाळी नाही, पण दुसऱ्या दिवशी वाड्यावर जा. पाकीट काकूच्या हातात द्या, किती आले, किती खर्च झाले ते सांगा, मागितलं नाही तरी. काय खटकलं ते विचारा आणि तोंडावर "काही नाही" आलं तर अजून थोडं बसा. उठताना सांगतात. मागच्या खेपेला उठता उठता काकू म्हणाली, "त्या चष्मेवाल्याने जेवताना भाकरी मागितली नाही. लाजला असेल. पुढच्या वेळी न विचारता वाढेन." दादाचं म्हणणं वेगळं होतं: ओट्यावर चपला आडव्या पडतात, शेजारच्यांना जाता येत नाही. मी दोन फळ्यांचं एक रॅक करून आणलं.

पाहुण्यांनी काढलेले गल्लीतले फोटो मागवून घ्या, छापून ज्याचे त्याला नेऊन द्या. तांबटकाकांच्या दुकानात आता असे सहा फोटो लागलेत. काकूचा अर्थातच एकही नाही. तिने गेल्या महिन्यात विचारलं मात्र, "माझ्या हातांचा काढलाय का कुणी, शेंगा सोलताना?"

एकीने काढला होता. अजून दिलेला नाही. आधी विचारायला हवं की तो तिला खरंच हवाय का.